आधी हिशोब, मग क्षमा



या व्याख्यानमालेत ख्रिस्तमंडळीकडून दुखावलेल्या माणसांविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्या स्नेह्यांनी आम्हांस दोन्ही बाजूंनी अडविले. ख्रिस्ती स्नेही म्हणाले, "बीड जिल्ह्यात आपण मूठभर. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊन काय साधणार?" इतर स्नेही म्हणाले, "तुमच्या चर्चच्या भानगडी ऐकून आम्हांला काय करावयाचे?"

दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. माणूस बाजारात फसला तर पैसा जातो. परंतु देवाच्या दारात फसला तर त्याचा विश्वासच जातो, आणि ही जखम कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही. मठ असो, मशीद असो, विहार असो वा चर्च, जेथे माणूस श्रद्धेने मान खाली घालतो तेथे त्या मानेवर पाय देणाराही निघू शकतो. मात्र दुसऱ्याचे अंगण झाडावयास निघण्यापूर्वी आपले झाडावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून आज आमच्याच अंगणाविषयी बोलणार आहोत.

या विषयाकडे आम्हांस एका बाईने वळविले. नगरच्या सरहद्दीकडच्या एका खेड्यात त्या राहतात. त्यांचे नाव, गाव आम्ही सांगणार नाही. लहानपणी त्या एका वसतिगृहात होत्या. तेथे ज्याच्या हाती मुलींना सोपविले होते, त्यानेच त्यांच्याशी दुष्टपणा केला. मुलीने धीर करून वडीलधाऱ्यांना सांगितले, तेव्हा तिला तीन उत्तरे मिळाली. पहिले, "मंडळीचे नाव खराब होईल." दुसरे, "ज्यांनी शिकविले, जेवू घातले, त्यांच्या मिठाला जाग." आणि तिसरे, "प्रभूने क्षमा करावयास सांगितले आहे, तू क्षमा कर." तो मनुष्य दुसऱ्या गावी बदलून गेला. ही मुलगी मात्र चर्चच्या बाहेर गेली, ती आजतागायत.

त्या बाईंच्या दारावर नाताळात तारा लागतो. घरी त्या प्रार्थना करतात. परंतु त्यांनी आम्हांस विचारले, "भाऊ, प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझी जीभ अडखळते. त्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही. मग पापी कोण, तो की मी?"

तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

ज्या प्रार्थनेपाशी त्यांची जीभ अडखळते, तिच्या मराठी शब्दांकडेच प्रथम पाहू. त्या ओळीत पापासाठी ऋण हा शब्द वापरला आहे. बीड जिल्ह्यात ऋण म्हणजे काय हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावयाची, कोयता घेऊन जोडीने पश्चिम महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकाचा रस्ता धरावयाचा, आणि हंगाम संपला की हिशोबाला बसावयाचे. किती टन ऊस तोडला, किती उचल फिटली, किती अंगावर राहिली, हे वहीत पाहिल्यावाचून कोणाचे समाधान होत नाही. वही न उघडता मुकादम म्हणाला, "जाऊ द्या, मिटवून टाकू," तर अडाण्यातला अडाणी मजूरही ओळखतो की येथे काही पाणी मुरते आहे.

आमच्या मंडळीने आपल्या दुखावलेल्या लेकरांना नेमके हेच सांगितले. वही उघडू नका, मिटवून टाका. आणि त्या मिटविण्याला नाव दिले क्षमा!

परंतु शुभवर्तमानातील क्षमेची सर्वांत मोठी गोष्ट कशी सुरू होते? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक राजा चाकरांचा हिशोब घ्यावयास बसतो. एकाकडे दहा हजार तालान्त निघतात. तो आकडा सर्वांसमक्ष उच्चारला जातो, ऋणको तो नाकारीत नाही, पाया पडतो, आणि मग ऋण सुटते. आधी वही आणि मग क्षमा, असा त्या गोष्टीचा क्रम आहे. दुसरे असे की, ऋण सोडतो तो धनकोच. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाने, "माझ्या वतीने हे ऋण माफ" असे म्हटलेले नाही. मग एका मुलीवर झालेल्या अन्यायाची क्षमा मंडळीच्या पंचांनी तिच्या वतीने करून टाकावी, हा अधिकार त्यांस कोणी दिला?

याच अध्यायात आणखी एक वचन आहे, ज्याचा फार दुरुपयोग झाला. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा, असा त्याचा आशय. पुष्कळ ठिकाणी तक्रार घेऊन आलेल्यास हे वचन दाखवून परत पाठविले जाते. परंतु ते भावाभावांसाठी, बरोबरीच्या माणसांसाठी सांगितलेले आहे. दहा वर्षांच्या पोरीने वसतिगृहाच्या अधिकाऱ्याकडे एकांतात जावे, असा त्याचा अर्थ लावणे म्हणजे कोकराला लांडग्याच्या जाळीत पाठविणे होय. शिवाय त्या वचनाच्या आधी, अध्यायाच्या आरंभीच, लहानांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभू बोलतो. त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडविणे बरे, इतक्या कठोरपणे तो अन्यत्र क्वचितच बोलला असेल. धनी लहानांची काळजी प्रथम घेतो आणि चाकर मात्र संस्थेच्या अब्रूची काळजी प्रथम घेतात, असा हा प्रकार आहे.

ऋणकोने काय करावे, हे जक्कयाच्या गोष्टीत आहे. तो जकातदार. लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो. "मला क्षमा करा" असे तो लोकांना म्हणाला, असे तेथे लिहिलेले नाही. त्याने आकडा सांगितला. पश्चात्ताप खरा की खोटा, हे ओळखण्याची याहून सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही. खऱ्या पश्चात्तापात काय परत करणार, हे सांगितलेले असते.

आता आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळू. मंडळीकडून दुखावली गेलेली माणसे आमच्या वडिलांच्या काळातही होती, आणि ती थोर माणसे होती.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा व त्यांच्या चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, प्रेम दिले, यात शंका नाही. परंतु आसरा देणाऱ्याला वाटू लागते की आश्रिताची बुद्धीही आपल्या स्वाधीन झाली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्या बाईंनी सर्व सिद्धान्त जसेच्या तसे स्वीकारावेत, असा आग्रह झाला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत, तर तेही उद्धटपणाचे ठरे. रमाबाईंनी त्यांना स्पष्ट कळविले की, मोठ्या कष्टाने आपल्या देशातील पुरोहितांचे जू मानेवरून उतरविले, ते दुसऱ्या पुरोहितांचे घेण्यासाठी नव्हे.

ही कथा आम्ही रमाबाईंच्या बाणेदारपणासाठी सांगत नाही. तो आपणांस ठाऊकच आहे. आम्ही ती सांगतो सिस्टर जेराल्डीन या बाईंसाठी. रमाबाईंशी त्यांचाच सर्वांत अधिक वाद झाला. परंतु तो सारा पत्रव्यवहार त्यांनीच जपून, जुळवून ठेवला. रमाबाईंनी त्यांना लिहिलेली तिखट पत्रेही त्यात आहेत. पुढे १९७७ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. रमाबाईंची बाजू आज आपण त्यांच्याच शब्दांत वाचू शकतो, कारण वादातल्या दुसऱ्या पक्षाने कागद जाळले नाहीत. बलवान पक्षाने आपल्याविरुद्धचा पुरावाही जपून ठेवावा, ही उत्तरदायित्वाची पहिली पायरी होय. किती मिशनांच्या, मंडळ्यांच्या कपाटांतून अशी पत्रे सापडतील? आणि किती कपाटांतून ती नाहीशी झाली असतील?

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, शेजारच्या नगरचे. सरकारदरबारी त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला, परंतु त्यांच्या ख्रिस्ती आयुष्याचा मोठा भाग नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेला. मिशनऱ्यांनी धनी व्हावे आणि येथल्या ख्रिस्ती माणसाने कायम पाल्य राहावे, हे त्यांना सलत होते. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावणार होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि तो दरबार भरभराटीस आला नाही. परंतु एक गोष्ट त्यांनी दाखवून दिली. संस्थेबाहेर पाऊल टाकणे म्हणजे ख्रिस्ताबाहेर पाऊल टाकणे नव्हे. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जी माणसे आज दुखावून चर्चच्या बाहेर उभी आहेत, त्यांना धर्मभ्रष्ट म्हणण्यापूर्वी आमच्या पाळकांनी टिळकांचे स्मरण करावे.

तिसरी जखम जातीची. मराठवाड्यातील आणि नगरकडील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुतेकांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. गावकुसाबाहेरून उठून ते देवाच्या घरात आले ते बरोबरीने बसावयास मिळेल म्हणून. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलले. येशूविषयी आणि बुद्धाविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. परंतु दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, आणि शिकलेला ख्रिस्ती आपल्या नोकरीत रमून अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. त्यावर मंडळीने लगेच काय केले? फारसे काही नाही. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या घरात जातिभेद आहे आणि तो गंभीर सामाजिक पाप आहे, असे धोरणपत्र काढून मान्य केले ते डिसेंबर २०१६ मध्ये. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. कबुली उशिरा आली तरी तिचे मोल आहे. पण या काळात दोन पिढ्या जखम घेऊनच मातीआड झाल्या, हेही वहीत लिहिले पाहिजे.

आणि आता सर्वांत कठीण गोष्ट. देहावर, आणि विशेषतः मुलांच्या देहावर झालेला अत्याचार. हा दोष येथल्याच माणसांचा, असे कोणी समजू नये. फ्रान्समध्ये तेथील कॅथॉलिक चर्चनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ साली अहवाल दिला. १९५० पासून धर्मगुरूंच्या व मठवासीयांच्या हातून अत्याचार झालेल्या मुलांची संख्या त्याने सुमारे २ लाख १६ हजार अंदाजिली. इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पदत्यागाची घोषणा केली. अपराध त्यांचा स्वतःचा नव्हता, तर दुसऱ्या एका मनुष्याने मुलांवर केलेले अत्याचार कळल्यानंतर पुरेशी हालचाल झाली नाही, एवढा होता. स्वतः मारले नाही, परंतु मारणाऱ्याला अडविले नाही, याचाही हिशोब द्यावा लागतो, हे त्यातून जगास कळले.

कॅनडाची गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. तेथील आदिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडले जाई. पैसा सरकारचा आणि कारभार बहुतांशी चर्चचा. तेथे सत्यशोधन आणि समेट यांसाठी आयोग बसला. त्याने २००८ ते २०१५ या काळात साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी ऐकल्या. त्यानंतर, जुलै २०२२ मध्ये, तेव्हाचे पोप फ्रान्सिस तेथे गेले आणि त्यांनी त्या लोकांच्या भूमीवर उभे राहून क्षमा मागितली. कित्येकांना तीही अपुरी वाटली. परंतु येथेही क्रम ध्यानात घ्या. सात वर्षे ऐकणे, आणि मग क्षमायाचना.

हे सारे परदेशातले, असे कोणास वाटेल. म्हणून या जिल्ह्यातीलच एक गोष्ट सांगतो. तिचा चर्चशी संबंध नाही, परंतु जखमेच्या हिशोबाशी आहे. ऊसतोड करणाऱ्या आपल्या बायाबापड्यांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही कुजबुज वर्षानुवर्षे होती. जी ती बाई समजे की हे आपल्याच नशिबी आले. २०१९ साली ओरड झाली, समिती बसली, पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. या आकड्याने कोणाचे दुखणे बरे झाले नाही. परंतु त्या दिवसापासून ते एकेकीचे नशीब राहिले नाही, तो एक अन्याय ठरला आणि त्याचा जाब विचारता येऊ लागला. दुखावलेल्या माणसाच्या बरे होण्याला सुरुवात अशीच होते. "हे तुझ्या बाबतीत घडले, ते खरे आहे आणि दोष तुझा नाही," असे कोणीतरी जबाबदार माणसाने म्हणावे लागते.

तेव्हा मंडळीने काय करावे? आम्ही चार गोष्टी सुचवितो. त्यांत नवे काही नाही. आचरणात मात्र चारही दुर्मिळ आहेत.

पहिली, ऐकावे. तक्रार ऐकणारा माणूस ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा सोयरा, सहकारी वा हाताखालचा नसावा. ऐकणाऱ्यांत बाया असाव्यात, आणि मंडळीबाहेरचेही कोणी असावे.

दुसरी, लिहून ठेवावे. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कागदावर भागेना म्हणून लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. आम्हांला मात्र एका मुलीची तक्रार लिहून घ्यावयास सभेच्या वहीतले एक पान मिळत नाही!

तिसरी, कायद्याच्या आड येऊ नये. मुलांवरील लैंगिक अपराधांविषयीच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा अपराध ज्याला कळला त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हाही गुन्हा आहे. यात पाळक, धर्मगुरू, वसतिगृहाचे चालक, कोणासही सूट नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे तक्रार समिती हवीच, मग ती संस्था धर्मादाय का असेना. अपराध्याची दुसऱ्या गावी बदली करणे ही शिक्षा नव्हे. तो दुसऱ्या गावच्या मुलांचा विश्वासघात आहे.

चौथी, भरपाई करावी. उपचाराचा खर्च, बुडालेले शिक्षण, गेलेली नोकरी, यांतले जे परत देता येईल ते द्यावे. जे देता येणार नाही, त्याची कबुली चारचौघांत, ज्या उपासनेत त्या माणसाची मान खाली गेली होती त्याच उपासनेत द्यावी. वेदीपाशी दान आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, अशी प्रभूची आज्ञा आहे. आम्ही उपासना चालूच ठेवली आणि भावाला बाहेर ठेवले.

आमच्या मंडळीने केलेले चांगले काम आम्ही विसरलेलो नाही. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांच्या हाती मिशनांच्या शाळांनी पाटी दिली, दवाखान्यांनी त्यांच्या नाडीला हात लावला. परंतु जमेच्या बाजूला मोठी रक्कम आहे म्हणून नावेची बाजू कोणी पुसून टाकीत नाही. तसे करणाऱ्या कारकुनाला आपण अफरातफर करणारा म्हणतो. उपकार हे जमेत राहू द्या, अपकार नावे लिहा, आणि मग देवापुढे वही ठेवा.

आणि ज्यांना जखम झाली, त्यांना आम्ही काय सांगावे? त्यांना घाई करू नये, एवढे प्रथम स्वतःला सांगावे. क्षमा हे त्यांच्या पदरातले धन आहे. ते कधी द्यावे, किती द्यावे, द्यावे की न द्यावे, हे त्यांचे आणि देवाचे बोलणे आहे. कोणी परत येईल, कोणी येणार नाही. न येणाऱ्याच्या मागे धर्मवचने घेऊन धावू नये. त्यांच्यासाठी दार उघडे असावे आणि दाराआड ज्याने दुखविले तो बसलेला नसावा, एवढेच आमच्या हाती आहे.

त्या बाईंकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्यांस सांगणार आहोत की, ताई, तुमची जीभ अडखळते यात तुमचे पाप नाही. तेथे आमचे ऋण अडकले आहे. तुमचा हिशोब आम्ही अजून केलेला नाही, आणि वही आमच्याकडे आहे. तुम्ही क्षमेचा विचार करावा की नाही हे आम्ही तुम्हांस विचारणारच नाही. आम्ही एवढेच विचारू, की तुम्ही सांगाल तर आम्ही लिहून घेऊ का?

त्या 'हो' म्हणतील की दार लावून घेतील, हे आम्हांस ठाऊक नाही. दोन्हींचा त्यांना अधिकार आहे. परंतु लेखणी घेऊन त्यांच्या दाराशी जाणे हे आमचे काम आहे, आणि ते तीस वर्षांपूर्वीच व्हावयास हवे होते.